मधल्या सप्तकातले खळगे

आधी ओलं फडकं, मग कोमट इस्त्री,
मग पातळ सुरी, लोण्यात घालावी तशी.
शंभर वर्षांचा सरस घाई खपवून घेत नाही.
कुतैसी, तिसरा मजला, खिडकीखाली रिओनी नदी,
आणि नाझिब्रोलाबाई माझ्या पाठीशी उभ्या,
पोराला दाताच्या दवाखान्यात आणलेल्या आईसारख्या.

"दुखणार नाही ना रे, बादरी?"
लाकडाला दुखत नाही, बाई.
हत्तीला दुखलं असेल, तेव्हा.
हे दुसरं मी बोललो नाही.

पन्नास पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकीचे दोन तुकडे,
डोकं आणि शेपूट, मधे केसाएवढी सांध.
खर्जाच्या टोकाला अजून कोऱ्या,
पाहुण्यांसाठी राखलेल्या बश्यांसारख्या.
मधे मात्र खळगे,
अंगाच्या साबणाला पडतात तसे, उथळ, गुळगुळीत.
एकीची कड ओरबाडलेली.
बाईंनी चष्मा न लावता ओळखली:
"ही लमारा. चार वर्षं सांगत होते, नखं काप.
आता सालोनिकीत म्हाताऱ्यांची उठबस करते.
कापली असतील."

हस्तिदंताखाली खडूची भुकटी,
भुकटीखाली शिसपेन्सिलीचे आकडे, एक ते पंच्याऐंशी.
चाळिसाव्यावर आकड्याच्या बाजूला एक हिशेब.
कारखान्यातल्या कुणीतरी तीन रकमा मांडल्यात.
बेरीज चुकली आहे.
त्यानं ती तशीच झाकून टाकली,
आणि वर चार पिढ्या पोरं सप्तक गिरवत राहिली.

मी खरवडतो, बाई सांगतात:
दिवे नव्हते ते दोन हिवाळे.
शेगडीत आधी खुर्च्या गेल्या, मग पुस्तकांचं कपाट,
मग जमिनीच्या फळ्या, एकेक.
खालचा ग्वांजी कुऱ्हाड घेऊन आला,
अर्धा तुमचा, अर्धा आमचा, म्हणाला,
पोरं गारठलीत.
"मग?"
"मग काय. मी पोरांनाच वर आणलं.
टोकं कापलेले हातमोजे घालून इथे वाजवत बसवलं.
ऊब कुठली यायला. दमून झोपायची, एवढंच."

नदीवरून एक ट्रक गेला.
"धाकटी फेब्रुवारीत गेली. छाती भरली होती."

सुरी सांधीत तशीच राहिली.

"तुला लाकूड कळतं," बाई म्हणाल्या,
"जाळला असता, तर किती दिवस पुरला असता?"

मला लाकूड कळतं.
बीचचा जाडजूड पाठीचा सांगाडा,
देवदाराची फळी, बिजागऱ्यांखालचं ओक.
नीट वापरला तर दहा दिवस. बारासुद्धा.
"एक रात्र," मी म्हटलं.
"लाखेच्या धुरानं खोकत बसला असतात."
बाईंनी मान हलवली.
पटलं म्हणून हलवली की नाही, मला माहीत नाही.

नवं प्लास्टिक अर्ध्या मिलिमीटरनं जाड.
तेवढं लाकूड उतरवावं लागतं.
रंध्याखाली शंभर वर्षांनी ताज्या लाकडाचा वास आला,
कुणी नुकतंच झाड पाडावं तसा.

संध्याकाळी बाई बसल्या.
बोट सवयीनं खळगा शोधत गेलं
आणि घसरून भलत्याच सुरावर पडलं.
"नवी कवळी," त्या म्हणाल्या,
"घास कुठेय, जिभेलाच कळेना."

जुने शंभर तुकडे मी बिस्किटांच्या डब्यात घालून दिले.
विकायची बंदी, टाकायचं मन नाही.
चहाला बसलो तर टेबल डुगडुगत होतं.
बाईंनी डबा उघडला, दोन शेपट्या वेचल्या,
पायाखाली सरकवल्या, हातानं दाबून पाहिलं.
कप स्थिर झाला.

खाली बाकावर ग्वांजी, पुढ्यात सोंगट्यांचा पट.
माझी अवजारांची पेटी पाहून म्हणाला,
"झाला?"
"झाला."
"तिला सांग, मधेच थांबते रोज.
एकदा तरी शेवटपर्यंत वाजव म्हणावं."
आणि फासे टाकले.
सहा आणि एक.